घोडीला इतिहास किती माहीत असतो? (मुलांसाठी लिहीत असलेल्या गोष्टीबद्दल मदत हवी आहे)

रानजाई

नमस्कार मंडळी. माझी भाची नऊ वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिला शिवकाळातल्या लढायांची गोष्ट सांगत होते, तर मध्येच म्हणाली, "मावशी, घोड्यांना काय वाटत होतं ते कुठे लिहिलंय?" कुठेच लिहिलेलं नाही, असं सांगितलं. "मग तू लिही," म्हणाली आणि झोपून गेली. मी मात्र जागी राहिले.

तेव्हापासून लिहितेय. आठ ते बारा वयाच्या मुलांसाठी एक साहसकथा, आणि ती सांगते एक भीमथडी घोडी. काळ शिवाजी महाराजांचा, जागा चिपळूणजवळची घोडदळाची छावणी. लष्कराने गवताच्या गंजी कशा जपाव्यात यासाठी महाराजांनी लिहिलेलं पत्र बऱ्याच जणांना माहीत असेल. त्यातल्या उंदराने मला पछाडलं आहे. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात पळवेल, ती गवतात पडेल आणि गंजी पेटतील, असा इशारा त्या पत्रात आहे. माझ्या गोष्टीत तो उंदीर खरोखरच वात पळवतो.

पहिलं प्रकरण लिहून झालं, पण ते मला आवडत नाहीये. सुरुवात अशी आहे:

"माझं नाव चांदणी. मी स्वराज्याच्या पागेतली एक शूर घोडी. महाराजांनी तोरण्यावर स्वराज्याचं तोरण बांधलं, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. आदिलशाही आणि मोगल या दोन सत्तांशी आमची झुंज चालू होती. भगवा झेंडा वाऱ्यावर डौलाने फडकत होता."

वाचून पाहिलं तर ही घोडी पाठ्यपुस्तक बोलतेय. पण हे सगळं काढलं तर इतिहास उरेल का? मुलांना कळेल का की ही कुठल्या काळाची गोष्ट आहे? कृपया मोकळेपणाने सांगा.

जुनं दप्तर

रानजाई, विषय फार चांगला निवडलात. त्या पत्राबद्दल आधी बोलतो, कारण तुमच्या गोष्टीचा कणा तेच आहे.

पत्र पागेच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना उद्देशून आहे. सगळा भर पुढच्या पावसाळ्यावर आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच मनाला येईल तसं खर्च केलंत, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. त्यापुढे असंही बजावलं आहे की दाणा संपला म्हणून कुणब्यांच्या घरात शिरून धान्य, भाजी, लाकूड उचलू नका. आगीबद्दलही नुसता उंदीर नाही. कोणी भलत्या जागी चूल मांडेल, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, अशा एकेका शक्यतेचा विचार आहे.

म्हणजे तुमची आग कोरड्या गवताची, पाऊस लागायच्या आधीची. हवा उकाड्याची ठेवा. पहिल्या मसुद्यात पुढे कुठे चिखल आणि सरी आणल्या असतील तर त्या काढा.

आता पागा. सभासदाच्या बखरीत व्यवस्था दिली आहे ती तुमच्या फार उपयोगाची आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. तुमची चांदणी पागेची आहे, तेव्हा तिच्यावर बसणारा बारगीर. तो बदलूही शकतो, घोडी मात्र पागेतच राहते. हे तिच्या बाजूने पाहिलं तर केवढी मोठी गोष्ट आहे. माणसं येतात-जातात, जागा तीच राहते.

आणि हो, पखालजी सोडू नका. घोड्याला दिवसाला निदान 25-30 लिटर पाणी लागतं. पंचवीस घोड्यांचं 625-750 लिटर झालं. घोडी नदीवर नेऊन पाजत असतील तरी कातडी पखालीतून पाणी वाहणारा हा माणूस छावणीत सर्वांत जास्त वाट पाहिली जाणारा असणार. आग लागेल तेव्हा पाणी कुणाकडे असेल, तुम्हीच बघा.

खुरांचा आवाज

मी पशुवैद्य आहे, घोड्यांवर बरीच वर्षं काम केलंय. रानजाईंच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं: घोडीला इतिहास अजिबात माहीत नसतो, आणि तिला जे माहीत असतं ते बखरकाराला माहीत नसतं. गोष्ट त्यातूनच लिहा.

घोडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता तिला जवळजवळ 350 अंशांतलं दिसतं. पण थेट कपाळासमोरचं आणि शेपटामागचं दिसत नाही. तोंडाखाली ठेवलेली चंदी तिला दिसत नसते. ती ओठांनी आणि ओठांवरच्या लांब केसांनी चाचपून खाते. दाण्यात खडा असला तर जिभेने बाजूला काढते. रात्रीचं तिला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, पण उजेडातून एकदम अंधारात नेलं तर डोळे सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून पागेच्या दारात घोडं अडतं. त्याला आपण हट्ट म्हणतो.

झोपेचंही सांगतो. घोडा उभ्यानेच डुलकी काढतो, पायाचे सांधे आपोआप अडकवून ठेवण्याची सोय त्याच्या शरीरात आहे. गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवं व्हावं लागतं, आणि तो आडवा होतो तेव्हाच जेव्हा आजूबाजूचं कोणी तरी जागं आहे अशी त्याची खात्री असते. सगळी झोप मिळून दिवसाला तीनेक तास. त्यामुळे तुमच्या छावणीत त्या रात्री माणसं झोपलेली असली तरी ओळीत एक-दोन घोडी जाग्या असणारच.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. गोष्टींमध्ये नेहमी घोडी आग पाहते, दोर तोडते आणि सगळ्यांना वाचवते. खरं घोडं असं करत नाही. आगीत घोडी जागा सोडायला तयार होत नाहीत. बाहेर काढली तरी पुन्हा आत पळतात, कारण भीती वाटली की ओळखीच्या जागी जायचं एवढंच त्यांना कळतं. अशा वेळी डोळ्यांवर कापड टाकून बाहेर आणावं लागतं. कापड टाकताना नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या, कारण घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. त्याचा श्वास फक्त नाकाने.

शूर घोडी नका दाखवू. घाबरलेली दाखवा, जागा सोडायला तयार नसलेली दाखवा. मग तिने टाकलेल्या एका पावलाला किंमत येईल.

पाटीपेन्सिल

मी चौथीला शिकवते. मुलांना काळ कळेल का, ही काळजी फार करू नका. काळ सनावळीने नाही, वस्तूंनी कळतो. पखाल म्हटलं की वर्गातून दहा हात वर येतात, "बाई, पखाल म्हणजे?" ते सांगताना आपोआप कळतं की नळ नव्हते. तोबरा, खरारा, मोतद्दार, चंदी, हे शब्द काढू नका आणि त्यांच्यापुढे अर्थही लिहू नका. घोडी तोबऱ्यात तोंड घालून हरभरा चावतेय असं लिहिलंत की तोबरा म्हणजे काय ते कळलंच.

एक शंका मात्र आहे. पत्र घोडीला कसं कळणार? ती वाचत नाही, तिला भाषा येत नाही. आणि पत्राशिवाय तर गोष्टच नाही.

रानजाई

तुम्हा तिघांचे प्रतिसाद छापून भिंतीवर लावलेत. काल रात्री सुरुवातीची पाच पानं काढून टाकली.

पाटीपेन्सिल, पत्राबद्दल सुचलं ते सांगते. पत्र आलेल्या दिवशी हवालदार ते मोठ्याने वाचून दाखवतो. घोडीला काय कळतं? माणसांचा आवाज खाली जातो. कोणीतरी पाय हलवायचा थांबतो. आणि त्या संध्याकाळी चंदी एक मूठ कमी येते. झालं, पत्र आलं. वाचणाऱ्या मुलाला हवालदाराचे शब्द ऐकू येतील, घोडीला फक्त मूठ मोजता येईल. म्हणजे मोजताही नाही, तिच्या ओठांना तोबऱ्याचा तळ लवकर लागेल.

माणसांची नावंही काढली. ती त्यांना जशी ओळखते तशीच हाक मारेल. मोतद्दाराचा, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्याचा, मुलगा म्हणजे "मिठाचा हात", कारण त्याच्या तळव्याला घामाची खारट चव आहे. बारगीर म्हणजे "डावीकडे जड", तो खोगिरावर कायम डावीकडे झुकून बसतो आणि तिचा तो खांदा दुखतो.

अडलंय ते झेंड्यापाशी. भगवा हवा आहे. मुलं त्याची वाट पाहणार.

खुरांचा आवाज

घोड्याला निळा आणि पिवळा हे रंग ओळखू येतात. तांबडा आणि हिरवा त्याला वेगळे करता येत नाहीत. त्यामुळे भगवा तिला भगवा दिसणार नाही, मळकट पिवळसर काहीतरी दिसेल. आगीची ज्वाळाही तशीच.

जुनं दप्तर

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. शास्त्र बरोबर आहे, मला मान्य आहे. पण मराठी मुलांच्या गोष्टीत झेंड्याला मळकट पिवळसर म्हणणं माझ्या मनाला लागतं. मूल चुकीचं काही समजेल अशी भीती वाटते.

घोंगडीवाला

दप्तरदादा, रंग सांगायलाच कशाला पाहिजे? काठीवर कापड फडफडतं त्याचा आवाज येतो. प्रत्येक काठीचा वेगळा. आमच्या घरी जेवढं घोड्याबद्दल ऐकलंय त्यावरून सांगतो, घोडं आधी कानाने बघतं. ज्या आवाजाखाली ती रोज पाणी पिते, चंदी खाते, तो आवाज तिला लांबून ओळखू येईल. आगीच्या रात्री धुरात कुणालाच काही दिसत नसताना तिला ती फडफड ऐकू आली, तर झेंडा गोष्टीत नुसता शोभेला नाही, कामाला आला.

आता माझ्याकडचं. आम्ही धनगर. माझे आजोबा वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाडांच्या तांड्याबरोबर, दर वर्षी दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या आत वर यायचे. सगळं बिऱ्हाड तट्टांवर. भांडी, घोंगड्या, पीठ, वरती कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी लहान पोर. भीमथडी म्हणजे भीमेकाठचं हेच तट्टू. अरबीपेक्षा बुटकं, पण काटक आणि थोडक्यात भागवणारं. 2024 साली करनालच्या राष्ट्रीय संस्थेने त्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली, तेव्हा आजोबा असायला हवे होते असं फार वाटलं.

आजोबांनी सांगितलेलं घाटाचं लिहितो, पुढच्या प्रकरणात छावणीकडे उतरण असेल तर कामाला येईल. उतारावर घोडी सगळा भार मागच्या पायांवर घेते, ढुंगण खाली दाबते. पुढचा पाय लगेच टाकत नाही. आधी टेकवते, धोंडा हलतो का बघते, मग वजन देते. वळणावर थांबली तर ओढायचं नाही. आजोबा म्हणायचे, ती थांबली म्हणजे तिला काहीतरी कळलंय, आपल्याला कळेपर्यंत आपण उभं राहायचं.

आणि डोळ्यांवर टाकायला कापड शोधताय ना? घोंगडी टाका. पखालीच्या पाण्याने भिजवलेली. लोकर ओली झाली की पटकन पेट घेत नाही. मोतद्दाराच्या पोराच्या अंगावर ती रात्री असणारच.

जुनं दप्तर

घोंगडीवाले, मी माझा आक्षेप मागे घेतो. फडफडीचा आवाजच ठेवा. तो मला रंगापेक्षा जास्त आवडला.

पाटीपेन्सिल

एक भाषेचा मुद्दा राहिलाय. मराठीत "मी" म्हणून बोलायला लागलं की पहिल्याच क्रियापदाला स्त्री की पुरुष ते ठरतं. धावलो की धावले. त्यात भूमिका आधीच घेतलेली असते. तुम्ही घोडी घेतलीत ते मला फार बरं वाटलं, कारण वर्गातल्या मुलींना साहसकथेत "मी धावले" असं वाचायला क्वचित मिळतं. पण "शूर", "स्वामिनिष्ठ" हे शब्द तिच्या तोंडी देऊ नका. ते आपण तिला चिकटवलेले आहेत.

आणि वाक्यं लहान ठेवा. "कारण", "त्यामुळे", "म्हणून" घोडीला नकोत. तिच्यासाठी एक गोष्ट होते, मग दुसरी होते. कारण मुलं जोडतील. त्यांना ते जोडायला आवडतं.

रानजाई

आगीचं प्रकरण पुन्हा लिहिलं. तुकडा इथे ठेवते.

"अंधार पडला की मला जास्त ऐकू येतं. मिठाचा हात माझ्या पायाशी झोपलाय. त्याची पाठ माझ्या गुडघ्याला टेकली आहे. माझं काळीज एकदा ठोकतं, तेवढ्यात त्याचं दोनदा. मी उभीच आहे. ओळीतल्या म्हातारीने अंग टाकलंय. ती झोपली की मी जागते.

कुडाच्या पलीकडे खसखस होते. उंदीर. तो मला माहीत आहे. रोज माझ्या चंदीतले सांडलेले दाणे नेतो. आज त्याच्याबरोबर तेलाचा वास चालतोय. वास आधी जमिनीवरून जातो. मग कुडावर चढतो. मग गंजीच्या पोटात शिरतो आणि तिथे थांबतो.

मग गवताचा वास बदलतो.

मी फुरफुरते. म्हातारी एका झटक्यात उभी राहते. ओळीच्या टोकापर्यंत माना वर जातात. अगाडीचा दोर ताणला जातो, पछाडी माझ्या मागच्या पायांना कापते. मी खिंकाळते. पायाशी मिठाचा हात हलतो आणि ओरडतो. आता माणसंच माणसं. पाय, पाणी, ओरडणं. पखालीच्या कातड्याचा वास धुरातून माझ्याकडे येतो.

आणि माझे डोळे जातात.

ओली लोकर. मेंढीचा वास. खाली मीठ. दोर सुटल्याचं माझ्या पायांना कळतं. मी हलत नाही. चंदी इथे येते. रात्र इथे होते. मी इथलीच. तो ओढत नाही. तो त्याचं कपाळ माझ्या मानेला लावून उभा राहतो. माझं काळीज त्याच्या काळजाच्या पुढे धावतंय.

लांब, उजव्या कानाकडे, काठीवर कापड फडफडतं. पाण्याच्या जागेवरचं.

तो एक पाऊल टाकतो. मी ते ऐकते. मीही टाकते."

खुरांचा आवाज

दोनदा वाचलं. काळजाचं बरोबर आहे. विश्रांतीत घोड्याचे ठोके मिनिटाला 30 ते 40 असतात, मुलाचे दुपटीहून जास्त. जिवाच्या भीतीने घोड्याचे दोनशेच्या वरही जाऊ शकतात, तेव्हा "पुढे धावतंय" हेही पटतं.

एकच दुरुस्ती. "उजव्या कानाकडे" ऐवजी तिला दोन्ही कान तिकडे वळवू द्या. तिचे कान स्वतंत्रपणे फिरतात. इतका वेळ एक कान आगीकडे आणि एक मुलाकडे होता, आणि आता दोन्ही फडफडीकडे वळले, असं लिहिलंत तर तिने ठरवलं हे न सांगता कळेल.

घोंगडीवाला

घोंगडी ओली झाल्यावर जड होते. तिच्या कानांच्या बुडाशी तो भार जाणवेल, तेवढं एक वाक्य घाला. बाकी काही म्हणायचं नाही. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ओढलं नाही हे बरं केलं पोराने.

जुनं दप्तर

पत्र गंजी पेटायच्या आधी आलं की नंतर, हे पक्कं करा. मला वाटतं आधीच यावं. सूचना होती, वाचून दाखवली होती, तरी कोणीतरी त्या रात्री दिवा विझवला नाही. कोणी, ते घोडीला कळेल. त्या माणसाच्या हाताला तेलाचा वास असेल. तिला माहीत असून ती कुणाला सांगू शकत नाही, ही जागा फार मोठी आहे. तिथे घाई करू नका.

रानजाई

दप्तरदादा, हे वाचून मी अर्धा तास नुसती बसून होते. दिवा "डावीकडे जड" याचाच होता. मला आत्ता कळलं. दुसऱ्या दिवशी तो तिच्यावर बसायला येतो, त्याच हाताने मान थोपटतो, आणि तिला तेलाचा वास येतो. आणि ती त्याला बसू देते की नाही?

पाटीपेन्सिल

रानजाईंच्या परवानगीने शनिवारी हा तुकडा वर्गात वाचला. नेहमी शेवटच्या बाकावर चुळबुळ असते, ती नव्हती. "माझे डोळे जातात" म्हटल्यावर दोन मुलांनी स्वतःचे डोळे मिटून घेतले आणि शेवटपर्यंत उघडले नाहीत.

काळ कुठला ते एकानेही विचारलं नाही. वाचून झाल्यावर पहिला हात वर केला तो एरवी फार न बोलणाऱ्या मुलीने. तिचा प्रश्न होता, "बाई, गवत जळालं. मग दुसऱ्या दिवशी तिने काय खाल्लं?"

मग सगळा वर्ग त्याच्या मागे लागला. गावातून आणायचं, असं एकाने सांगितलं. "गावातल्यांचं कसं आणणार, ते तर त्यांचं आहे," दुसरी म्हणाली. मधली सुट्टी झाली तरी भांडण चालूच होतं. पत्राबद्दल मी त्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही.

रानजाई

त्या मुलीला सांगा, पुढचं प्रकरण तिच्या प्रश्नापासूनच सुरू करतेय. एकच गंजी जळालीय, बाकीच्या वाचल्यात, पण पाऊस अजून लागायचाय आणि तो संपेपर्यंत पुरवायचंय. पहिलं वाक्य आत्ताच लिहिलं: "आज तोबरा हलका आहे."